एक कालामाकी

थेसालोनिकी
शनिवार, ७ मे १९८८

एवांथिया,

मायना काय घालावा यावर दोन कागद फाडले, तेव्हा मायना राहू दे.

मारीगोमावशी काल येऊन सांगून गेली की पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला, दुपारी चारला तुमच्या चौकातल्या चर्चमध्ये धाकट्याचा बाप्तिस्मा आहे. तू कळवलं नाहीस. ठीक आहे. कळवावं असं तू शिल्लक तरी काय ठेवलंयस, असं मावशी म्हणाली. मी म्हटलं, कॉफी पी आणि घरी जा.

तर मी येतोय. बोलावलं नाही तरी येतोय. चर्च काही कुणाच्या बापाचं नसतं, आणि असलंच तर बाप मीच आहे.

नावासाठी येतोय असं मात्र समजू नकोस. थोरल्याला जावयाच्या बापाचं नाव दिलंत, मिनास, रीतच आहे. दुसरा मुलगा झाला की आईच्या बापाचं नाव, हीपण रीत आहे. पण रीत पाळायची तर दोन्हीकडून पाळावी लागते, हे मलाही कळतं. तुम्ही त्याचं नाव टेलिफोन ठेवा, मी हरकत घेणार नाही. बाप्तिस्म्यापर्यंत नाव नसतं, तेव्हा आठ महिने नुसतं 'बाळ, बाळ' चाललं असेल. मावशीला विचारलं, काय ठरवलंय गं? ती म्हणे, ते धर्मपित्याच्या तोंडून चर्चमध्येच ऐकायचं असतं, आधी विचारत नाहीत. मी आपलं सहज विचारलं होतं.

खरं सांगायचं तर मी निघालोय खाण्यासाठी. बस चालवायचं सोडून निवृत्त झाल्यापासून अथेन्सचा तो रस्ता पाहिला नाही. कोण अजून कोळशावर भाजतं, कुणी गॅस आणून वाट लावली, हे कुणीतरी बघायला हवं की नको? नवीन पोरं बस चालवतात, आणि प्रवाशांना घेऊन जातात कुठं, तर काचेचं दार असलेल्या हॉटेलात. तिथं पाणीसुद्धा महाग आणि पाव कालचा. थांबत थांबत जाईन. पूर्वी एका दमात जायचो, आता गुडघे ऐकत नाहीत.

रविवारी चारला दारात असेन. बाकी काहीही म्हण, पण तुझा बाप उशिरा पोचला असं कधी झालेलं नाही.

स्तेर्गिओस

*

कातेरिनी
शुक्रवार, १३ मे

एवांथिया,

अथेन्सचं तिकीट काढलं होतं आणि कातेरिनीलाच उतरलो. कारण काही नाही. भूक लागली.

स्थानकामागची ती खिडकी अजून आहे. म्हातारा गेला, सून चालवते. पण हात तोच. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, थोडी चरबी ठेवलेले, काडीला टोचून भाजलेले, वरून ओरेगानो, आणि लिंबू आपल्या डोळ्यांसमोर कापणार. पावाला तेल लावून निखाऱ्यावर टेकवणार. तीन काड्या खाल्ल्या, तरी खिशाला कळलंही नाही.

खाणं कुठं चांगलं हे ओळखायची माझी रीत तुला पाठ आहे. पाटीवर रंगीत चित्रं असली की पुढे चालायचं. टॅक्सीवाले उभ्यानं खात असले की थांबायचं. पाद्री आणि टॅक्सीवाला एकाच ओळीत दिसले तर डोळे मिटून मागवायचं. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा लारिसाला एका जर्मन जोडप्याला हे सगळं हातवारे करून समजावलं होतंस, आणि त्यांनी तुला टोपी दिली होती.

झिसीस भेटला. माझ्या बसवरचा कंडक्टर, तुला खांद्यावर घेऊन तिकिटं फाडायचा तो. आता टकला झालाय आणि जीभ आणखी लांब झालीय.

"काय रे," म्हणाला, "अथेन्सला निघालायस की अथेन्सपासून लपतोयस?"

"खातोय. दिसत नाही?"

"दिसतंय ना. सगळ्या ग्रीसमध्ये खाशील, फक्त पोरीच्या दुकानात सोडून."

"त्या दुकानात कालामाकी मिळतं," मी म्हटलं. "मी नळ्या खात नाही."

पूर्वी या वाक्याला अख्खा डेपो हसायचा. झिसीस हसला नाही. लिंबाची फोड चोखून टाकून दिली.

"हा विनोद शिळा झाला, स्तेर्गिओस," म्हणाला. "पहिल्या दिवशी ताजा होता, कबूल. पण तू तो लग्नात नेऊन वाढलास."

मग त्यानंच आठवण काढली. तुझी आई गेल्यावर सुट्ट्यांमध्ये मी तुला बसमध्येच घेऊन फिरायचो, माझ्या मागच्या सीटवर. थांब्यावर खायला बसलो की तुझा घास घशाखाली उतरायचा नाही. सारखी मान वळवायचीस. "बाबा, बस सुटेल! बाबा, चल ना, बस सुटेल!" सगळे प्रवासी हसायचे. मी म्हणायचो, "अगं वेडे, बस कशी सुटेल? मी इथं बसलोय ना!" तरी तुला पटायचं नाही. अर्धी काडी हातात घेऊन पळायचीस आणि सीटवर जाऊन खायचीस.

झिसीस तुझी नक्कल करत होता आणि आम्ही दोघं म्हातारे हसत होतो. मग तो थांबला आणि म्हणाला, "पोचशील ना रे वेळेवर?"

मी म्हटलं, कुणाशी बोलतोयस तू?

स्तेर्गिओस

*

लामिया
शनिवार, १४ मे, संध्याकाळ

एवांथिया,

कालचं पत्र टपालात टाकलं नाही. तुला पोचेपर्यंत मीच पोचलेला असेन, मग कशाला. हेही खिशातच राहील. मग लिहितोय का, विचारशील. लॉजच्या खोलीत एक खुर्ची आहे आणि एक टेबल, दुसरं काय करणार.

आज चौकात कोकोरेत्सी खाल्लं. आतडी नीट धुतली होती, गुंडाळली घट्ट होती, आग धीमी होती. दोष काढायला जागा नव्हती. तरी अर्धं ठेवून उठलो. वाढणारा विचारायला लागला, काका, काही चुकलं का? मी म्हटलं, तुझं नाही.

मग कोपऱ्यावरच्या टपरीवरून तुमच्या दुकानात फोन केला.

पांटेलीसनं उचलला. "बोला, पांटेलीसचं दुकान!" मागे थाळ्यांचा आवाज, एक पोरगं कशासाठी तरी हट्ट करत होतं, तो मिनास असणार. आणि तू. "कोण आहे रे?" म्हणालीस. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मी म्हटलं, "दोन पिटा, मांस भरून."

"काका, आज लवकर बंद करतोय," तुझा नवरा म्हणाला. "उद्या आमच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. पण तुमच्यासाठी करून ठेवतो, या तुम्ही. कांदा घालू ना? आणि नाव काय सांगू, कुणाच्या नावानं ठेवू?"

नाव काय. साधा प्रश्न. गिऱ्हाइकाला विचारतात तसा विचारला. एवांथिया, मला माझं नाव सांगता आलं नाही. मी फोन ठेवून दिला. त्यानं दोन पिटा बाजूला काढून ठेवल्या असतील आणि कोण हा माणूस आला नाही म्हणून वाट बघितली असेल. तसा माणूस आहे तो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तिथंच तर सगळं बिघडलं.

तो तुला मागायला आला त्या दिवशी मी त्याला डेपोशेजारच्या भट्टीवर नेलं. सगळे ड्रायव्हर बसले होते. यानं बसल्या बसल्या आवाज दिला, "दोन कालामाकी!" आता अथेन्समध्ये काडीवरच्या मांसाला कालामाकी म्हणत असतील, पण आपल्याकडे कालामाकी म्हणजे थंड कॉफी ओढायची नळी, शेंबडं पोरही सांगेल. मी भट्टीवाल्याला डोळा मारला. त्यानं बशीत दोन नळ्या आणल्या, वर लिंबू पिळून. डेपो हसून हसून आडवा. आणि पांटेलीस काय करतो, तर तोही हसला. नळी उचलली, दाताखाली धरली, म्हणाला, "कोवळं आहे हं." सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्या दिवशी माझ्या डेपोतली माणसं त्याची झाली, आणि मला ते सहन झालं नाही.

म्हणून लग्नात तो खोका. रिबीन बांधलेला, आत नुसत्या नळ्या. त्याच्या आईनं सगळ्यांसमोर उघडला. बिचारी मला म्हणाली, "व्याही, आम्ही गरीब आहोत म्हणून का?" गरिबीचा काही संबंध नव्हता गं. मी एकटा राहणार होतो, एवढंच होतं. ते तोंडातून निघेना आणि खोका निघाला.

तू तेव्हा म्हणालीस, "बाबा, आता पुरे." मी वाट बघत होतो की तू पुढे काहीतरी म्हणशील. तू म्हणाली नाहीस आणि मीही नाही.

उद्या बाराची बस. चारच्या आधी तासभर पोचतो. कोट इस्त्रीला दिलाय.

स्तेर्गिओस

*

कामेना वूर्लाच्या पुढे, रस्त्यावर
रविवार, १५ मे

एवांथिया,

बस सुटली.

थट्टा करत नाहीये. बस सुटली, मला सोडून गेली, आणि मी इथं चिनाराखाली बाकावर बसून लिहितोय, कारण दुसरं काय करावं ते कळत नाही. जो येईल त्याला हात करतोय. कुणी थांबत नाही.

बस इथं पाव तास थांबणार होती. ड्रायव्हर पोरगेला आहे, नीट ओरडून सांगितलं त्यानं. मला भूक नव्हती. पण थांबा आला की पाय आपोआप भट्टीकडे वळतात, सवय झालीय. एक काडी मागवली. चावली तर आतून कच्ची! वरून करपलेली आणि आतून कच्ची, रविवारी, भर रस्त्यावर, माणसं पैसे देऊन खातायत. माझं डोकं सटकलं. भट्टीवाल्याला म्हटलं, बाजूला हो. ज्वाळेवर मांस ठेवतात का रे, गाढवा? निखारा पसरव, राख वर येऊ दे, हात धरून बघ. तो चिडला नाही, उलट म्हणाला, दाखवा ना काका. झालं. मी बाह्या सरसावल्या.

हॉर्न वाजला. ऐकला मी. दोनदा वाजला, दोन्ही वेळा ऐकला. पाठ रस्त्याकडे होती. आणि मनात काय आलं सांगू? 'कोण हा उतावळा? बस कशी सुटेल, मी इथं आहे ना.'

जन्मभर ज्या बसमध्ये बसलो ती माझ्याशिवाय हललीच नाही. मी शेवटचा घास खाऊन, तोंड पुसून, आरामात चालत जायचो आणि सगळी बस गुपचूप बसून असायची. तिसरा हॉर्न लांबून आला तेव्हा वळलो. मागची काच दिसली फक्त. कोट आत, बॅग आत, बाळासाठी घेतलेला चांदीचा पेला आत. मी पळालोसुद्धा. या गुडघ्यांनी, हातात चिमटा घेऊन. भट्टीवाला मागून ओरडत होता, "काका, चिमटा!"

दुकानात फोन लावला. वाजत राहिला. कोण उचलणार, दुकान बंद, तुम्ही सगळे चर्चला जायच्या तयारीत.

तुला सगळं कळत होतं. सहा वर्षांची होतीस, अर्धी काडी हातात घेऊन पळत होतीस, आणि मी तुला वेडी म्हणत होतो.

एक ट्रक थांबलाय. संत्री आहेत. जातो.

*

अथेन्स
रविवार, संध्याकाळ

एवांथिया,

चर्चमध्ये पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. एक बाई फरशी पुसत होती. पाण्याचे ओघळ होते, पांढऱ्या रिबिनीचे तुकडे होते, मेणबत्त्यांचा वास होता. माणूस एकही नाही.

"कोण हवंय आजोबा?" तिनं विचारलं.

"चारचा बाप्तिस्मा झाला का?"

"केव्हाच. तोही उशिरा लागला. आई दारातून हलेना. तिचे वडील यायचे होते म्हणे थेसालोनिकीहून. पाद्री म्हणाले, बाई, पाणी निवतंय, पुढचं बाळ दारात आलंय. ही म्हणते, पाच मिनिटं थांबा, माझे बाबा कधी उशीर करत नाहीत, ड्रायव्हर आहेत ते, बसलाच काहीतरी झालं असेल." बाईनं फडका पिळला. "आता त्या म्हाताऱ्याला काय म्हणावं! यायचं नव्हतं तर कळवू नये."

मी म्हटलं, "खरंय."

"तुम्ही कोण?"

"प्रवासी." मग विचारलंच. "नाव काय ठेवलं?"

बाई हसायला लागली. "अहो, ते उत्तरेकडचं काहीतरी. धर्मपिता म्हणाला एक, पाद्रींनी ऐकलं सेर्गिओस. तेल लावता लावता दोनदा म्हणाले, सेर्गिओस. तर आई दारातून ओरडली, अहो रस्त्याकडे बघत होती ना ती, तिथूनच मोठ्यानं ओरडली, 'स्तेर्गिओस! मध्ये त आहे, तो सोडू नका!' सगळं चर्च हसलं."

मी खाली बसलो. बाईला वाटलं चक्कर आली. तिनं पाणी दिलं, आणि जाळीत बांधलेले साखरेचे बदाम दिले, म्हणाली, एक पुडी उरली होती, कुणासाठी तरी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितली होती, आता कोण येतंय घ्यायला. मी घेतली. माझीच होती ती.

आता चौकातल्या बाकावर आहे. समोर तुमचं दुकान. फुटपाथवर टेबलं मांडलीत, आणि पांटेलीस येणाऱ्या जाणाऱ्याला फुकट वाटतोय. "घ्या, माझ्या स्तेर्गिओसच्या नावानं घ्या!" माझं नाव तो ओरडतोय रस्त्यात. मी बघितलं, चांगला निखारा ठेवतो. पाटीवर एकही चित्र नाही. दोन टॅक्सीवाले उभ्यानं खातायत आणि त्यांच्या शेजारी पाद्री, दाढीला तेल लागलंय. ही खूण त्याला कुणी शिकवली असती तर ती मीच, पण त्यानं माझ्याशिवाय करून दाखवलं. सात वर्षं मी सगळ्या ग्रीसमध्ये चांगलं आणि स्वस्त शोधत होतो.

तू दिसतेस. निळा झगा. बाळ तुझ्या कडेवर झोपलंय. मधूनमधून रस्त्याकडे मान वळवतेस, अगदी तशीच. मी झाडाआड आहे म्हणून तुला दिसत नाही. मला फार वाईट वाटतंय, पोरी. बस चुकली त्याचं तर वाटतंयच. पण तू दारात उभी राहशील असं मला एकदाही वाटलं नव्हतं, त्याचं जास्त वाटतंय. तसं वाटलं असतं तर मी कातेरिनीला उतरलोच नसतो.

अंगावर कोट नाही. सदऱ्याला राख लागलीय, हाताला संत्र्यांचा वास येतोय. सदऱ्याच्या खिशात तीन पत्रं आहेत आणि हे चौथं. भेट म्हणून द्यायला दुसरं काही नाही.

आता उठतो आणि ओळीत उभा राहतो. पांटेलीसनं विचारलं तर म्हणेन, एक कालामाकी द्या. आयुष्यात पहिल्यांदा म्हणेन, आणि कांदा घाला म्हणेन, आणि या वेळी नाव विचारलं तर नाव सांगेन. तुला वाटलं तर बशीत नळी आण. लिंबू पिळून आण. मी ती खाईन, एवांथिया, सगळ्यांसमोर खाईन, आणि म्हणेन, कोवळं आहे.

फक्त मला पुढे जा म्हणू नकोस.

तुझे बाबा